जिवंत रानडुक्कर कोणाचं? रोमन नुकसानीचा कायदा झाडीपट्टीत वाचताना



मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर सिंदेवाहीकडचे एक श्रोते थांबले होते. वावर जंगलाला लागून. आम्ही तासभर लॅटिन शब्द फेकत होतो, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना दाराशी विचारलं, “सर, तुमच्या त्या रोमात रानडुकरानं धान खाल्लं तर पैसे कोण देत होतं?” आम्हाला हसू आलं, उत्तर मात्र आलं नाही. घरी जाऊन पुस्तक उघडावं लागलं. आज तेच उत्तर देतो आहोत, जरा उशिरा.

छोटं उत्तर आधीच देऊन टाकतो: कोणीच देत नव्हतं. पण रोमन शेतकऱ्याला ‘कोणीच नाही’ हे उत्तर का चालत होतं, आणि तेच उत्तर इंग्लंडच्या वाटेनं चंद्रपूर-गडचिरोलीत पोहोचल्यावर का चालेनासं झालं, हा आजचा विषय आहे.

पुस्तक म्हणजे डायजेस्ट. सम्राट जस्टिनियननं इ.स. 533 मध्ये जुन्या कायदेपंडितांची मतं निवडून, कापून, एकत्र बांधून जाहीर केलेला हा ग्रंथ. त्याच्या नवव्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण लेक्स अक्विलियावर आहे. अक्विलियस नावाच्या ट्रिब्यूननं लोकसभेकडून मंजूर करून घेतलेला हा कायदा; परंपरेनं त्याचा काळ इ.स.पू. 287 च्या आसपास धरतात. दुसऱ्याच्या मालमत्तेचं गैरपणे केलेलं नुकसान, एवढाच त्याचा विषय. आपल्या विधी महाविद्यालयांत हे प्रकरण दोन ओळींत उरकतात: लेक्स अक्विलियापासून निष्काळजीपणाची कल्पना आली, ती ब्रिटिश कायद्यात गेली, तिथून आपल्याकडे आली, पुढचा प्रश्न. आमचा आक्षेप या दोन ओळींवर आहे. त्या चूक आहेत असं नाही. पण मूळ प्रकरण शेतात, रानात आणि रस्त्यावर घडतं, आणि ते सगळं या दोन ओळींतून गळून पडलं आहे.

बघा ना. पहिल्या कलमात म्हटलं आहे की दुसऱ्याचा गुलाम किंवा कळपात चरणारं चारपायी जनावर गैरपणे मारलं तर भरपाई द्यायची. लगेच पंडितांचा वाद सुरू होतो. डुक्कर यात येतं का? येतं, कारण डुकरंही कळपानं चरतात. कुत्रा? नाही. अस्वल, सिंह, बिबट्या? नाही, ते रानटी. आणि हत्ती? इथे पंडित थोडे घुटमळतात. हत्ती आणि उंट मिश्र जातीचे, म्हणतात. स्वभावानं रानटी, पण ओझं वाहायचं काम करतात, म्हणून त्यांना आत घ्यावं. कमलापूरचा हत्तीकॅम्प ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज नाही.

आता भरपाई किती, ते ऐका. मारल्या गेलेल्या जनावराची गेल्या वर्षभरातली सर्वांत जास्त किंमत. मरायच्या दिवशी बैल लंगडत असेल, पण आठ महिन्यांपूर्वी धडधाकट होता, तर धडधाकट बैलाची किंमत. जाळणं, मोडणं, फोडणं अशा बाकीच्या नुकसानीला तिसरं कलम, तिथे हिशेब जवळच्या तीस दिवसांचा. आणि प्रतिवादीनं आरोप नाकारला, खटला लढला आणि हरला, तर दुप्पट.

याहून आम्हाला आवडलेली एक गोष्ट याच प्रकरणात पुढे आहे. खेचरांच्या जोडीतलं एक मारलं, किंवा चार घोड्यांच्या रथाचा एक घोडा मारला, तर मेलेल्याची किंमत देऊन भागत नाही. उरलेल्यांची किंमत जेवढी घसरली तीही धरायची. मूल किंवा सावली तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. एक बैल गेला म्हणजे एक बैल जात नाही, जोडी जाते. उरलेला बैल दुसऱ्या कोणाबरोबर चालेल याची खात्री नसते, आणि रोवणीच्या ऐन हंगामात नवा जोडीदार शोधायचा तर बाजार सांगेल तो भाव. हे रोममधल्या पंडिताला कळलं होतं.

आमच्या राज्याचा नियम काय आहे? वाघानं गाय, बैल, म्हैस मारली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. रोमचा कायदा ‘सर्वांत जास्त’ म्हणतो, आमचा शासन निर्णय ‘जे कमी असेल ते’ म्हणतो. तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य करतो. रोमन वादीला समोरच्या माणसाची चूक सिद्ध करावी लागे. इथे चूक कोणाची ते कोणी विचारत नाही, पंचनामा झाला की रक्कम मिळते. हा मोठा फरक आहे आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. पण शब्द बघा. या रकमेला वर्षानुवर्षे ‘आर्थिक साहाय्य’ म्हटलं गेलं, ‘भरपाई’ हा शब्द अलीकडचा. साहाय्य देणाऱ्यानं हिशेब कमी धरला तर कोणी तक्रार करत नाही. भरपाईत मात्र पाव भाग का कापला, हे विचारता येतं.

खड्ड्यांकडे येऊ. पॉल नावाच्या पंडिताचा उतारा आहे: अस्वलं आणि हरणं पकडायला लोक खड्डे खणतात. असा खड्डा वाटेवर खणला आणि त्यात काही पडून नुकसान झालं, तर खणणारा जबाबदार. नेहमी जिथे खड्डे खणतात अशा ठिकाणी खणला, तर नाही. पुढे पुस्ती जोडली आहे की सूचना दिली नसेल किंवा समोरच्याला कळायचा मार्ग नसेल तर पुन्हा विचार करावा लागेल. आमच्याकडे खड्ड्यांची जागा तारेनं घेतली. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडतात. रात्री त्या तारेला कधी डुक्कर लागतं, कधी शेजाऱ्याची म्हैस, कधी वाघ, आणि कधी पहाटे लवकर निघालेला माणूस. अनुदानावरची सौर कुंपणं आली, त्यांचा झटका मारत नाही, हाकलतो. पण थेट लाइनवरून आकडा टाकणारे संपलेले नाहीत.

हा खड्डा इंग्लंडमार्गे आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला, ते अंतर मात्र बघण्यासारखं आहे. 1828 चा बर्ड विरुद्ध होलब्रुक हा खटला. ट्यूलिपच्या बागेत मालकानं चोरांसाठी आपोआप सुटणारी बंदूक लावून ठेवली, सूचना लावली नाही. शेजाऱ्याचा मोर आत गेला, तो आणायला एक तरुण भिंतीवरून उतरला आणि बंदूक सुटली. मालक जबाबदार ठरला. मग 1963 चा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजाऱ्यांनी आपलं शौचकूप वापरू नये म्हणून एकानं तिथे विजेची तार लावली आणि शेजारची बाई गेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं मानला नाही. घुसखोर झाला म्हणून त्याच्यासाठी सापळा लावायचा हक्क मालकाला मिळत नाही, असं ठरलं आणि शिक्षा कायम झाली. ब्रह्मपुरीच्या वावरातली तार आणि पॉलचा खड्डा यांच्यामध्ये ही दोन प्रकरणं उभी आहेत. सांगाड्यात सगळीकडे तोच प्रश्न आहे: जिथे माणूस येणार हे कळायला हवं होतं, तिथे तू हे का ठेवलंस?

आगीचंही तसंच. आपल्या शेतातलं खुंट-काट्यांचं रान पेटवलं आणि आग शेजाऱ्याच्या पिकात गेली, तर रोमन न्यायाधीश विचारी: त्या दिवशी वारा होता का? वाऱ्याच्या दिवशी पेटवणं हीच चूक. वारा नव्हता, लक्षही ठेवलं होतं, तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात, त्या दिवसांत हा प्रश्न आपल्या प्रत्येक ग्रामसभेत विचारता येईल. कायद्याचं पुस्तक लागत नाही त्याला.

आता त्या ‘ब्रिटिश कायद्यावर प्रभाव’ या वाक्याकडे. इथे आम्हाला पाठ्यपुस्तकांशी थोडं भांडायचं आहे. ब्रिटिश म्हणजे कोण? स्कॉटलंडच्या कायद्यात रोमन विचार खरोखर आत शिरला. तिथे चुकीला आजही ‘कल्पा’ म्हणतात. निष्काळजीपणाचा जो खटला आपण तोंडपाठ करतो, बाटलीतली गोगलगाय, 1932, डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, तो मुळात स्कॉटलंडमधल्या पेस्लीचा. इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे रिटांचा कायदा होता: थेट धक्क्याला एक रिट, परिणामातून झालेल्या नुकसानीला दुसरं. रोमकडेही असा थेट आणि आडवळणाचा फरक होता, म्हणून एकानं दुसऱ्याकडून घेतला असं म्हणणं घाईचं. दोन गावांत सारखी घरं दिसली म्हणून गवंडी एकच, असं होत नाही. तेराव्या शतकात ब्रॅक्टननं रोमन पंडितांकडून उचललं, हे खरं. पुढच्या शतकांत इंग्लिश न्यायाधीशांनी लॅटिन शब्द भरपूर वापरले, हेही खरं. ‘डॅम्नम’ आणि ‘इंज्युरिया’ या दोन शब्दांवर आपले कितीतरी विद्यार्थी पास झाले आहेत.

स्पष्ट कबुली हवी असेल तर ती 1843 च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेलमध्ये सापडते. शेजारच्या कोळसा खाणीनं सूतगिरणीची विहीर आटवली. मुख्य न्यायाधीश टिंडल म्हणाले की रोमन कायदा आम्हाला बंधनकारक नाही, पण आमचा निष्कर्ष त्याच्याशी जुळतो हा त्याच्या बरोबरपणाचा भक्कम पुरावा आहे. निकाल खाणवाल्याच्या बाजूनं गेला: आपल्या जमिनीत खोदलं, शेजाऱ्याची विहीर आटली, दावा नाही. घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या बाजूचे श्रोते इथे नक्की मान वर करतील. आज तो विषय नाही, पण लक्षात ठेवा की इंग्लंडनं रोमकडून हात जोडून जे घेतलं, त्यात हेही होतं.

आणि आता रानडुक्कर.

रोमन कायद्यात रानटी जनावर कोणाचंच नाही. पकडेल त्याचं. पकडलेलं अस्वल मालकाच्या हातून निसटलं आणि त्यानं कोणाला इजा केली, तर आधीच्या मालकावर जनावराच्या नुकसानीचा नेहमीचा दावा चालत नाही, कारण ते सुटलं त्या क्षणी तो मालक राहिला नाही. हे वाचताना राग येतो, आम्हालाही आला. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू बघा. प्रोक्युलस नावाचा पंडित एका प्रश्नाला उत्तर देतो: तू लावलेल्या फासात रानडुक्कर अडकलं, मी ते सोडवून नेलं, ते कोणाचं? उत्तर लांब आहे, फास सार्वजनिक जागेत होता की खाजगी, डुक्कर पक्कं अडकलं होतं की सुटू शकलं असतं, वगैरे. या सगळ्या घोळात एक गोष्ट इतकी गृहीत आहे की ती कोणी बोलतही नाही: डुक्कर धरायला कोणाला मनाई नाही. शिवाय जिथून लोक ये-जा करतात तिथे कुत्रा, डुक्कर, रानडुक्कर, लांडगा, अस्वल, बिबट्या, सिंह ठेवू नये, असा नगर-अधिकाऱ्यांचा वेगळा हुकूम होता आणि नुकसानीला दुप्पट भरपाई होती. म्हणजे रानात असलेलं जनावर कोणाचंच नाही, पण वाटेवर ठेवलं की ठेवणारा देणेकरी.

हेच इंग्लंडमध्ये 1597 च्या बोल्स्टनच्या खटल्यात दिसतं. एकानं आपल्या जमिनीत ससे वाढवले, ते शेजाऱ्याचं पीक खाऊ लागले. दावा फेटाळला गेला. कारण काय दिलं? ससे रानटी, त्यांच्यावर मालकी नाही, आणि शेजाऱ्याच्या जमिनीत आले की शेजारी त्यांना मारू शकतो. हे शेवटचं वाक्य आमच्या आजच्या सगळ्या म्हणण्याचा खांब आहे. ‘कोणी भरपाई देणार नाही’ हा नियम एकटा उभा नव्हता. ‘तू स्वतः बंदोबस्त कर’ या परवानगीवर तो टेकलेला होता. जिथे जमिनीच्या मालकानं मुद्दाम संख्या वाढवली तिथे इंग्लिश न्यायालयानंही सूर बदलला. 1885 च्या फॅरर विरुद्ध नेल्सनमध्ये शिकारीसाठी रानकोंबड्यांच्या जातीचे फेझंट पक्षी जमिनीच्या नैसर्गिक बेतापेक्षा जास्त आणून सोडले होते, त्यांनी पीक खाल्लं, आणि सोडणाऱ्याला जबाबदार धरलं.

मग 1972 साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता. शिकाऱ्यांनी जंगल रिकामं करत आणलं होतं, आणि आज ताडोब्यात वाघ दिसतो तो या कायद्यामुळे. पण त्यानं वाटणीत काय केलं ते बघा. शेतकऱ्याचा स्वतःचा बंदोबस्त काढून घेतला. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना वन्यप्राणी मारला तर गुन्हा नाही, असं कलम 11 सांगतं; त्यात पिकाचं नाव नाही. पीक खाणाऱ्या जनावरासाठी परवानगी मागता येते, अधिकारी देऊही शकतो. पण अर्ज जातो दिवसा आणि डुक्कर येतं रात्री. आणि कलम 39 म्हणतं की शिकार झालेला, बंदिवासात ठेवलेला, मेलेला आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. नीट वाचा. मेलेलं डुक्कर सरकारचं. जिवंत, धान खाणारं डुक्कर? त्याच्याबद्दल कलम गप्प आहे. खाताना ते रोमन असतं, कोणाचंच नाही. मेलं की सरकारजमा होतं.

याच्या शेजारी आणखी एक कायदा ठेवतो, म्हणजे चित्र पुरं होईल. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, आपल्या गावातल्या कोंडवाड्यांचा बाप. आणि 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 70: राखीव जंगलात शिरलेलं गुरू हे सार्वजनिक लागवडीचं नुकसान करत आहे असं धरलं जाईल, पकडून कोंडता येईल. ‘धरलं जाईल’ म्हणजे नुकसान झालं की नाही हे बघायचीही गरज नाही. गावाची गाय जंगलात गेली तर नुकसान गृहीत आणि मालक हजर. जंगलातलं डुक्कर गावात आलं तर नुकसान मोजून दाखवायचं आणि मालक गैरहजर. धुरा तोच आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. जंगल सरकारनं आणलेलं नाही, वाघ सरकारनं सोडलेला नाही. निसर्गाच्या करणीला माणूस कसा जबाबदार? 1890 च्या गाईल्स विरुद्ध वॉकरमध्ये इंग्लिश न्यायालयानं असंच म्हटलं: मोकळ्या रानाची नांगरट केल्यावर आपोआप उगवलेल्या काटेरी झाडांचं बी शेजाऱ्याकडे उडालं, तर दावा नाही. आमचं उत्तर असं की काट्याचं झाड शेजाऱ्याला आपल्या बांधात उपटता येत होतं. आमच्या शेतकऱ्याला ते उपटायची मनाई आहे. ही मनाई माणसांनी केली, विचारपूर्वक केली, सगळ्या देशाच्या भल्यासाठी केली. तेव्हा तिची किंमत कोणी द्यायची हा प्रश्न आता निसर्गाचा राहत नाही.

आणि इंग्लिश नियम जसाच्या तसा घ्यायलाही आपण बांधलेले नाही. नुकसानीच्या दाव्यांचा आपल्याकडे संहिताबद्ध कायदाच नाही. फ्रेडरिक पोलॉकनं 1886 मध्ये भारत सरकारसाठी मसुदा लिहिला, तो कधी मंजूर झाला नाही. न्यायालयं ‘न्याय, समता आणि सद्सद्विवेक’ या सूत्रानं चालली, आणि 1887 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं त्याचा अर्थ लावला: इंग्लिश नियम, पण भारतीय समाजाला आणि परिस्थितीला लागू पडत असतील तर. हा ‘तर’ अजून जागेवर आहे. बोल्स्टनचा नियम झाडीपट्टीला लागू पडतो का, हे विचारायची वाट त्यातून निघते.

शेवटी हत्ती. 2021 पासून छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत येतो आहे. कापून रचलेले धानाचे पुंजणे एका रात्रीत विस्कटले जातात. त्याच जिल्ह्यात कमलापूरला सरकारचे पाळीव हत्ती आहेत. उद्या कमलापूरचा हत्ती साखळी तोडून कोणाच्या बांधीत शिरला, तर इंग्लिश कायद्यानं उत्तर सोपं आहे: रानटी जातीचं जनावर पाळणारा त्याच्या नुकसानीला जबाबदार, चूक असो वा नसो. कळपातला हत्ती त्याच बांधीत शिरला तर उत्तर वेगळं. धान तेवढंच गेलेलं असतं, पायाचा ठसाही तसाच.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे, वाचतो: “कोर्टात गेलो तर जिंकू का?” खात्री देता येत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आज हातात जे आहे ते पंचनाम्याचं आहे. मुदतीच्या आत वनखात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. फोटो काढा. बैल गेला असेल तर उरलेल्या बैलाचंही वर्णन त्यात लिहून घ्या, जोडी केव्हा घेतली, किती रुपयांना घेतली तेही. तो रकाना छापील नमुन्यात नसेल तर मागच्या बाजूला लिहा.

पुढचा प्रश्न?